पार्टिशनपलीकडच्या उषावहिनी

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "काकू, आई गेली गं," एवढंच मेघना म्हणाली आणि मग तिच्या मागे कुणाचं तरी बोलणं ऐकू येत राहिलं. मी "येते" म्हटलं, फोन ठेवला आणि परत येऊन उरलेली मेथी निवडली. हे सांगायला बरं दिसत नाही, पण तसंच झालं. मोठी जाऊ गेल्यावर माणूस रडतं, निदान डोक्याला हात लावून खुर्चीत तरी बसतं. मी जुडी संपवली, पानं चाळणीत घालून धुतली आणि मग ह्यांना ऑफिसात फोन लावला, की तुमच्या वहिनी गेल्या, कोलशेतला जायचंय.

तेराव्याला कोलशेतच्या त्यांच्या घरी बायका एकेक करून येत होत्या आणि माझा हात हातात घेऊन तेच ते बोलत होत्या. "जावा कसल्या, बहिणी होतात तुम्ही." डोंबिवलीच्या आमच्या जुन्या शेजारीण जोशीकाकू तर डोळे पुसत म्हणाल्या, "तुझ्या दातांच्या वेळी केवढं केलं गं तिने. दर आठवड्याला ठाण्याला घेऊन जायची." मी मान हलवत होते. मला गोड बोलता येत नाही आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये एवढं कळतं, त्यामुळे दिवसभर मान हलवायचंच काम केलं. आता महिना उलटून गेलाय. मेघनाला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, लिही, पण खरं लिही. तर खरं असं, की उषावहिनींनी माझ्यासाठी जे केलं ते माझ्या सख्ख्या बहिणीनेही केलं नाही, आणि त्यांनी मला जसं फसवलं तसंही कुणी फसवलं नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच बाकावर बसून केल्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा डोंबिवली पूर्वेला आमचे दोन ब्लॉक होते, मधली भिंत पाडून एक केलेले. मोठे दीर कोलशेतच्या रंगांच्या कंपनीत, आमचे हे मुंबईत बँकेत. वहिनी माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, उंच, हाडापेराने मजबूत आणि हाताला अशी गती की बघत राहावं. बोलता बोलता मेघनाच्या फ्रॉकला क्रोशाची लेस विणून व्हायची. मला पोळ्या त्यांनीच शिकवल्या. "शोभा, पीठ तुझ्यावर रागावलंय का? मग तू कशाला त्याच्यावर रागावतेस," असं म्हणायच्या. सासूबाईंचं कडक होतं, पण आम्ही दोघी एकमेकींकडे बघून डोळ्यांनी हसायचो आणि दिवस निघून जायचा.

मग सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. अंथरुणात पडून, पण जीभ आणि एक हात शाबूत. त्या हातात काठी. काही लागलं की लोखंडी कॉटच्या दांड्यावर काठी आपटायच्या. दिवसा वहिनी बघायच्या, रात्री मी, कारण पहाटे उठून सगळ्यांचे डबे वहिनींनाच करायचे असत. पाणी हवं, कूस बदलायची, उशी टोचते, पंखा लागतो, पंखा लागत नाही... दोनेक वर्षं माझ्या कानात ती काठी होती. एका थंडीत त्या गेल्या. सगळे म्हणाले, सुटल्या. आणि त्यानंतर महिन्याभरात माझं सुरू झालं.

आधी नुसती धडधड. भाजीवाल्याकडे उभी असताना एकदम तळवे ओले व्हायचे आणि वाटायचं, आत्ता मी इथे मरणार, या टोमॅटोंच्या ढिगासमोर. कुठे भांडं पडलं की मला काठीच ऐकू यायची आणि मी उठून उभी राहायचे. मग हळूहळू उठणंच नको झालं. चहाचं आधण ठेवायचं म्हटलं तरी अंगात शिसं ओतल्यासारखं व्हायचं. माझा मुलगा तेव्हा शिशुवर्गात होता. त्याच्या शर्टाची बटणं लावता लावता मी रडायला लागायचे आणि तो बिचारा स्वतःच उरलेली लावायचा, एकाआड एक. आमच्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं दिली, लोहाचं टॉनिक दिलं, छातीचा कार्डिओग्राम काढला. शेवटी ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, ठाण्याला मनाचे डॉक्टर आहेत, एकदा दाखवा.

आता डोंबिवलीच्या माणसाला "ठाण्याला दाखवा" याचा अर्थ सांगावा लागत नाही. कुणी वेड्यासारखं वागलं की आमच्याकडे पोरंसुद्धा म्हणायची, ह्याला ठाण्याला न्या. ह्यांचा चेहरा उतरला. मोठे दीर म्हणाले, चारचौघांत कळलं तर पुढे मुलीच्या लग्नाला अडचण येईल. मेघना तेव्हा चौथीत होती. तेव्हा वहिनी पोळपाटावरून हात न काढता म्हणाल्या, "मी नेते तिला. आणि कुणी विचारलं तर दात. दातांना वर्ष-वर्ष लागतं, कुणी तोंड उघडून बघायला येत नाही." असे माझे दात दुखायला लागले.

ठाण्याचे डॉक्टर तरुण होते, हळू बोलायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा आजार आहे, तुमचा स्वभाव नाही. गोळ्या आहेत, त्यांनी धडधड आणि उदासी कमी होऊ शकते. दुसरा मार्ग म्हणजे आमच्याकडे लेलेबाई येतात, त्यांच्याशी दर आठवड्याला बसून बोलायचं. नुसत्या गप्पा नाहीत, तोही उपचारच आहे. काहींना एक पुरतं, काहींना दोन्ही लागतं. तुम्ही ठरवा, घाई नाही. मी ठरवायचं? मला भाजी कुठली करायची हेही कुणी ठरवू दिलं नव्हतं. घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "गोळ्या घे आणि मोकळी हो. बोलायलाच पाहिजे असेल तर घरात माणसं काय कमी आहेत?" यावर वहिनी जे बोलल्या ते मी कधी विसरणार नाही. म्हणाल्या, "भाऊजी, घरातल्या माणसांबद्दलच बोलायचं असेल, तर ती घरातल्या माणसांशी कसं बोलेल?" मी बोलायचं ठरवलं. गोळ्यांची तेव्हा भीतीच वाटली होती, सवय लागेल म्हणून. पण खरं सांगायचं तर ठरवलं ते वहिनींच्या त्या एका वाक्यावर. इतकं नेमकं समजणारं माणूस आपल्या घरात आहे याचाच मला आधार वाटला.

दवाखाना नौपाड्यात पहिल्या मजल्यावर, राहत्या ब्लॉकचाच केलेला. आतल्या खोलीत डॉक्टर. हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन घालून एका बाजूला लेलेबाईंची जागा आणि दुसऱ्या बाजूला पेशंटबरोबर आलेल्यांसाठी बाक. हॉलला पंखा एकच, म्हणून दोन्हीकडे हवा जावी यासाठी पार्टिशन छतापर्यंत नेलेलं नव्हतं, वर चांगलं हातभर मोकळं होतं. लेलेबाई साध्या सुती साडीतल्या, पदराने सारखा चष्मा पुसणाऱ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथलं इथेच राहील. तुमच्या परवानगीशिवाय मी डॉक्टरांनाही सांगणार नाही." आणि मी बोलत सुटले. पंख्याचा खडखडाट एवढा, की कधी कधी बाईंनाच "काय म्हणालात?" असं विचारावं लागायचं. काठी ऐकू आली की काय करायचं, छाती भरून आली की श्वास कसा लांब सोडायचा, मनात आलेलं प्रत्येक वाक्य खरंच असतं असं नाही... त्या समजावून सांगायच्या, घरी करून बघायला लावायच्या. दर खेपेला थोडं हलकं वाटायला लागलं. मी पुन्हा मुलाची बटणं लावायला लागले.

वहिनी बाहेर बाकावर क्रोशा घेऊन बसायच्या. टीव्हीवर घालायला गोल रुमाल करायला घेतला होता. परतताना स्टेशनबाहेर आम्ही उसाचा रस प्यायचो, दुपारच्या रिकाम्या गाडीत खिडकीशी बसायचो आणि आत काय बोललीस हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. एकदाही. मला ते केवढं मोठेपणाचं वाटायचं. मी एकदा लेलेबाईंनाही म्हटलं, माझ्या जाऊबाईंसारखं माणूस मिळायला भाग्य लागतं. फक्त एक गोष्ट तेव्हाही डोळ्यांना खुपली होती. ज्या हातांनी दोन दिवसांत लेस व्हायची त्या हातांचा रुमाल महिने झाले तरी बशीएवढाच. मला वाटलं, बाईला दुपारी डुलकी लागत असेल. माझ्यासाठी दमतात बिचाऱ्या.

दातांची मात्र मजा होती. संक्रांतीला आमच्याकडे त्या वर्षी सण नव्हता, पण जोशीकाकूंकडे हळदीकुंकवाला गेलो तर त्यांनी सगळ्यांच्या हातावर हलवा दिला आणि मला एक मऊ तिळाची वडी. "हिला कडक नको, हिचे दात काढतायत." वहिनी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "अक्कलदाढ आहे हो, खूप आत गेलीय." मला हसू आवरेना, पदर तोंडाला लावला, तर सगळ्यांना वाटलं ठणका लागला. घरी येईपर्यंत आम्ही दोघी जिन्यात बसून हसलो. वहिनींबरोबरचं ते शेवटचं हसणं होतं.

त्याच आठवड्यात थंडी जोरात होती. बाईंनी पंखा बंद केला होता. खोली शांत होती आणि त्या शांततेत माझ्या तोंडून ते निघालं. म्हटलं, "सासूबाई गेल्या त्या रात्री मला गाढ झोप लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाहेर त्यांना ठेवलं होतं, बायका रडत होत्या आणि मी आत भिंतीला टेकून झोपले होते. मी माणूस आहे का?" लेलेबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "दमलेल्या माणसाला झोप लागते. त्यात पाप नाही." मी तेव्हा जे रडले, ते सासूबाईंसाठी होतं. त्या गेल्यावर पहिल्यांदाच त्यांच्यासाठी रडले.

आणि मग वर्षश्राद्ध आलं. मोठ्या दिरांना कंपनीजवळ कोलशेतला घर मिळालं होतं आणि त्यानंतर त्यांचं बिऱ्हाड वेगळं होणार होतं. गुरुजी जेवून उठले, मावससासूबाई आणि इतर पाहुणे ओसरत होते, तेव्हा देव कुणाकडे राहायचे हा विषय निघाला. रीतीप्रमाणे थोरल्याकडे जातात. मी एवढंच म्हटलं, की सासूबाई म्हणायच्या देव याच वास्तूत राहू देत, त्यांची इच्छा होती. वहिनींचा चेहरा एकदम बदलला. त्या घरात त्यांनी माझ्या दुप्पट वर्षं काढली होती, देवांची रोजची पूजा त्याच करायच्या, त्यांना ते लागलं असणार, हे मला कळतं. पण त्या काय बोलल्या? सगळ्यांसमोर, शांतपणे, भांडी गोळा करता करता म्हणाल्या, "तुला गं काय त्यांच्या इच्छेचं? त्या गेल्या त्या रात्री तुला गाढ झोप लागली ना? पहिल्यांदाच?"

मावससासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. ह्यांनी विचारलं, "असं म्हणालीस तू?" मी काय सांगणार होते? हे वाक्य मी जगात एकाच ठिकाणी, एकाच माणसाजवळ बोलले होते. वहिनींनी ते चोरून ऐकलं असं म्हणावं, तर कुठे ऐकलं ते सांगावं लागणार आणि पाहुण्यांसाठी मी दातांच्या डॉक्टरकडे जात होते. वहिनींना हे पक्कं माहीत होतं. ज्या बाईने ते दातांचं कुलूप लावून दिलं तिच्याजवळच किल्ली होती. मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले, त्यांनी नजर चुकवली नाही... आणि देव कोलशेतला गेले.

पुढच्या आठवड्यात ठरलेल्या दिवशी वहिनी पर्स घेऊन दारात उभ्या. क्रोशाची पिशवी हातात. "चल, गाडी चुकेल." जणू काही झालंच नव्हतं. मी म्हटलं, "माझे दात बरे झाले." त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "असं अर्धवट सोडू नये गं." एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. मी दार लावून घेतलं.

बोलणंच सोडलं मी. ह्यांनी एकट्याने जाऊन डॉक्टरांना सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. त्यांनी धडधड कमी झाली, झोप लागायला लागली, त्या गोळ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण आतलं जे बोलायचं होतं ते तिथेच अडकून बसलं होतं, वर आता तोंड उघडायचीच भीती. कुणाशीही दोन वाक्यं बोलले की वाटायचं, हे कुठे जाऊन पोचेल? वहिनी कोलशेतला गेल्या तरी ते गेलं नाही. सहा-सात महिने असे काढल्यावर एका दुपारी मीच उठले, साडी बदलली आणि एकटी ठाण्याला गेले. त्या वेळी मला कुणी ठरवा म्हटलं नव्हतं आणि कुणी नेतही नव्हतं. बोलायचं ते मी माझं ठरवलं.

लेलेबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या उठल्या, पार्टिशनकडे गेल्या आणि वरच्या त्या मोकळ्या फटीकडे बघत उभ्या राहिल्या. "हे मला दिसायला हवं होतं," म्हणाल्या. "इथलं इथेच राहील म्हणून शब्द दिला होता मी तुम्हाला." त्यांनी सारवासारव केली नाही म्हणून मी त्यांच्याकडे राहिले. त्यानंतर आम्ही ब्लॉकच्या स्वयंपाकघरात बसायला लागलो. ओट्यावर डॉक्टरांच्या चहाचं सामान, शेजारी मोरी, पण त्या खोलीला दार होतं आणि दाराला कडी. कितीतरी आठवडे मी तिथे नुसती बसून यायचे. मग हळूहळू पुन्हा बोलायला लागले. वर्षाच्या वर लागलं, गोळ्या आणि बोलणं दोन्ही मिळून, पण मी माणसांत आले.

वहिनींचे आणि माझे संबंध नंतर "चांगले" होते. गणपतीला आम्ही कोलशेतला, दिवाळीला ते डोंबिवलीला. त्या विषयावर त्यांनी कधी तोंड उघडलं नाही, मीही नाही. मी वाट बघायचे, की कधीतरी म्हणतील, शोभा, चुकलं. पोळ्या लाटताना, भाजी चिरताना, निरोप घेताना दारात... नाहीच. यंदा त्यांना ठाण्याच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा मी भेटायला गेले. खूप खंगल्या होत्या, तो मजबूत हात माझ्या हातात मावत होता. मेघना औषधं आणायला खाली गेली तशा म्हणाल्या, "तुला अजून लागतं का गं, कुणाजवळ बोलायला?" म्हटलं, "कधीमधी लागतं." "बरं असतं ते," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता बोलतील. मी बसून राहिले. त्यांना डोळा लागला आणि मेघना वर आली.

तेराव्याचे सगळे गेल्यावर मेघना आणि मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. महिनाभर हॉस्पिटलात एकटीने काढला होता पोरीने. म्हणाली, "काकू, आई गेली तेव्हा मी तिच्याजवळ खुर्चीत झोपलेले. नर्सने उठवलं मला." मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "मला ते खाऊनच टाकलं असतं गं. पण आईनेच सांगून ठेवलेलं. दमलेल्या माणसाला झोप लागते, त्यात पाप नाही. आजी गेली तेव्हा आईलाही झोप लागलेली म्हणे, वर्षभर ते तिच्या मनात सलत होतं. मग ठाण्याच्या कुणा बाईंनी तिला असं सांगितलं."

तिला सांगितलं. मी कप खाली ठेवला. लेलेबाईंनी ते मला सांगितलं होतं, मला, माझ्या तोंडाकडे बघून. म्हणजे त्या रात्री घराच्या दुसऱ्या टोकाला वहिनीही झोपल्या होत्या. म्हणजे दर आठवड्याला मी आत जे रडत होते ते बाहेर बाकावर त्यांनाही लागू पडत होतं आणि माझ्या आजाराच्या आडून त्या स्वतःवर इलाज करून घेत होत्या. मग माझं वाक्य तेवढं चारचौघांत फेकलं आणि त्यावरचं उत्तर स्वतःजवळ ठेवलं? त्या दिवशी भांडी गोळा करताना "मलाही लागली होती झोप" एवढं म्हणाल्या असत्या तर? अहो वहिनी, नुसतं आत यायचंय म्हणाला असतात तर मी सरकून जागा दिली असती. मेघनाला मी यातलं काही बोलले नाही. तिला म्हटलं, "बरोबर सांगितलं आईने." आज हे छापून येईल तेव्हा तिला कळेल. मी तिला विचारून लिहितेय, वहिनींच्यात आणि माझ्यात एवढा तरी फरक असू दे.

निघताना तिने एक पिशवी दिली. "आईने कधी पूर्ण केलं नाही आणि टाकूही दिलं नाही. तू ने." तोच रुमाल. तसाच, बशीएवढा, पिवळा पडलेला, सुई अजून शेवटच्या टाक्यात. क्रोशाचं असं असतं, की शेवटचा टाका बांधला नाही आणि दोरा कुणी ओढला तर सगळं उसवत जातं. मी सुई काढून तिथे सेफ्टीपिन लावली. टीव्हीवर घालायचा नाही, फेकायचा नाही, माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. मी त्यांना माफ केलं असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल, पण तसं झालेलं नाही. मधूनच कपाट उघडते, तो काढते आणि कुठल्या वेढ्याला त्यांचे हात थांबले असतील ते बघत बसते.

वहिनी गेल्या त्या दिवशी घरी आलो, मेथीची भाजी केली, सगळे जेवलो, दिवे मालवले. मला झोप लागली नाही. लेलेबाई आता पुण्याला मुलाकडे असतात, त्यामुळे हे अजून कुठल्या खोलीत बोललेले नाही. पार्टिशनपलीकडून वहिनींनी माझं सगळं ऐकलं, फक्त हे एवढं त्यांना ऐकू गेलं नाही.